डीलरसाठी साठा, दर आणि ऑर्डरची वेबसाइट: डेव्हलपरला किती पैसे देणे रास्त?

प्रश्न — घाऊक विक्रेता, लातूर

नमस्कार. लातूरमध्ये आमचा पीव्हीसी पाइप, फिटिंग, ठिबक-तुषारचे साहित्य आणि पंपाचे सुटे भाग यांचा घाऊक व्यवसाय आहे. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर आणि जिल्ह्याबाहेर कळंब, अंबाजोगाईपर्यंतचे मिळून साधारण सव्वाशे दुकानदार आमच्याकडून माल नेतात. लहानमोठ्या वस्तू धरल्या तर यादी अडीच हजारांच्या घरात जाते. आजवरचा सगळा व्यवहार फोन आणि व्हॉट्सॲपवर चालत आला आहे. "त्रेसष्टचा चार किलो (६३ एमएम व्यासाचा, चार किलो दाबाचा पाइप) किती शिल्लक आहे आणि आज काय भावाने देता?" असा फोन येतो, मग आमचा माणूस गोदामात विचारतो, वहीत पाहतो आणि परत फोन करतो. एरवी हे निभावते, पण पेरणीच्या तोंडावर मे-जूनमध्ये फोन उचलायलाही माणसे पुरत नाहीत आणि दुकानदार कंटाळून दुसरीकडे वळतो.

म्हणून अशी वेबसाइट करायची आहे की जिच्यावर प्रत्येक दुकानदार स्वतःच्या नावाने प्रवेश करील, त्याला त्याचाच दर दिसेल, शिल्लक साठा दिसेल आणि तो तिथेच ऑर्डर नोंदवील. सर्वसामान्य ग्राहकाला विक्री करायची नाही आणि ऑनलाइन पैसे घेण्याचीही सध्या निकड नाही, कारण बहुतेक व्यवहार उधारीवर आहे. हिशेब टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे, वस्तूंची यादी एक्सेलमध्ये आहे.

तिघांकडे विचारणा केली. इथल्याच एका तरुणाने १८,००० रुपये सांगितले, संभाजीनगरच्या एका स्वतंत्र डेव्हलपरने ९०,००० आणि पुण्यातील एका कंपनीने २,६०,००० अधिक वार्षिक देखभाल. तिघांनाही मी एकच अर्ध्या पानाची टिपणी पाठवली होती. एकाच कामाच्या भावात एवढा फरक कसा काय पडतो आणि यातला रास्त कोणता, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

उत्तर — सॉफ्टवेअर व्यावसायिक, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार. मी याच क्षेत्रात काम करतो, मात्र आपल्याला दर देणाऱ्या तिघांपैकी मी नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

तिघांनी एकाच कामाचा भाव सांगितला आहे असे मला वाटत नाही. अर्ध्या पानाच्या टिपणीत जे लिहिलेले नव्हते ते प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने भरून काढले. १८,००० सांगणाऱ्याने बहुधा वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या साधनावर वूकॉमर्स हा ऑनलाइन दुकानाचा जोडभाग बसवून तयार साचा लावण्याचा हिशेब केला असेल. ही दोन्ही साधने विनामूल्य आणि चांगली आहेत, पण त्यांचा मूळ आराखडा किरकोळ ग्राहकासाठीचा आहे. ग्राहक येतो, एकच किंमत पाहतो, पैसे भरतो आणि जातो. आपल्याकडे तसे काहीच नाही. पुण्याच्या कंपनीने, उलट, आपण न मागितलेल्या पुष्कळ गोष्टी गृहीत धरल्या असण्याची शक्यता आहे.

अशा वेबसाइटचा खर्च तिला पाने किती आहेत यावर ठरत नाही. तो ठरतो डेटाबेसमध्ये, म्हणजे वेबसाइटमागच्या माहितीच्या कोठारात, काय साठवायचे आणि त्यावर कोणते नियम चालवायचे यावर. आपल्याच धंद्यातले उदाहरण घेतो. पाइप नग म्हणून विकला जातो, ठिबकची लॅटरल (पिकाच्या ओळीतली बारीक नळी) मीटरवर किंवा बंडलवर जाते आणि एल्बो, टी, कपलर अशी फिटिंग पिशवीवर जातात. दुकानदाराने "१०" असे लिहिले तर ते दहा नग, दहा बंडल की दहा पिशव्या? प्रत्येक वस्तूचे मूळ एकक आणि विक्रीचे एकक वेगळे ठेवून त्यांचे गुणोत्तर नोंदवल्याशिवाय साठ्याचा आकडा कधीच जुळणार नाही.

दुसरी गोष्ट दराची. कच्च्या मालाचा भाव हलला की पाइपचा दर बदलतो, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. समजा सोमवारी निलंग्याच्या दुकानदाराने ऑर्डर दिली आणि गुरुवारी आपण दर वाढवला. ज्याने घाईत काम केले आहे, त्याच्या ऑर्डरच्या नोंदीत फक्त वस्तूचा क्रमांक आणि संख्या असते, दर मात्र वस्तूंच्या यादीतून आयत्या वेळी काढला जातो. परिणामी सोमवारच्या ऑर्डरची रक्कम गुरुवारी आपोआप बदलते आणि दुकानदाराशी वाद सुरू होतो. ऑर्डर नोंदवतानाचा दर, सवलत आणि कर त्या ऑर्डरच्या ओळीतच कायमचे लिहून ठेवले पाहिजेत. ही जाण डेव्हलपरला आहे की नाही, हे एका प्रश्नात कळते.

कराचेही तसेच आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक आणि तुषार संचावरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्या वेबसाइटमध्ये कराची टक्केवारी थेट प्रोग्रामच्या ओळींत लिहिलेली होती, तिच्या मालकाला त्या दिवशी डेव्हलपरला शोधत फिरावे लागले असणार. ती टक्केवारी डेटाबेसमध्ये, लागू होण्याच्या तारखेसह ठेवली असेल तर कार्यालयातला माणूसच बदल करू शकतो.

तिसरी गोष्ट साठ्याची आणि ती सर्वांत नाजूक. गोदामात ७५ एमएमचे चाळीस पाइप उरले आहेत आणि उदगीर व अहमदपूरच्या दोन दुकानदारांनी एकाच क्षणी चाळीस-चाळीसची मागणी नोंदवली, तर दोघांनाही "ऑर्डर स्वीकारली" असे दिसता कामा नये. त्यासाठी साठा तपासणे, तो राखून ठेवणे आणि ऑर्डर लिहिणे या तीन क्रिया डेटाबेसमध्ये एकसंध व्यवहार म्हणून घडाव्या लागतात. एक फसली तर तिन्ही रद्द. मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल या विनामूल्य डेटाबेसमध्ये ही सोय आहेच, पण ती वापरणारा माणूस लागतो. शिवाय फोनवर दिलेल्या ऑर्डरी आणि काउंटरवरची विक्री हीसुद्धा त्याच साठ्यातून वजा झाली पाहिजे, नाहीतर दुकानदाराला दिसणारा आकडा दुपारपर्यंतच खोटा ठरेल.

आता आकड्यांकडे येतो. मी दिवसाला ३,००० रुपये आकारतो. आपण लिहिलेल्या कामाचा माझा अंदाज असा: चर्चा आणि डेटाबेसची मांडणी ५ दिवस, दुकानदारांचा प्रवेश आणि दरश्रेणी ७, साठा आणि ऑर्डर ११, कार्यालयासाठीचे पॅनेल ८, टॅलीशी देवाणघेवाण ७, चाचणी आणि दुरुस्त्या ५, प्रशिक्षण २. एकूण ४५ दिवस म्हणजे १,३५,००० रुपये. डेव्हलपर जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे २४,३०० रुपये. आपण स्वतः नोंदणीकृत असल्याने त्याचे इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) सामान्यतः मिळते, म्हणून तुलना करताना करपूर्व रक्कमच धरावी. टॅलीची जोडणी मागे ठेवली तर काम १,१४,००० वर येते. त्यामुळे ९०,००० हा आकडा मला अशक्य वाटत नाही, मात्र त्यात टॅली आहे की नाही हे आधी विचारा.

उत्तर — कृषी निविष्ठा वितरक, जालना

वरील उत्तर अतिशय उपयुक्त आहे. मी डेव्हलपर नाही, ग्राहकाच्या बाजूने थोडे लिहितो, कारण आम्ही बियाणे आणि खतांच्या वितरणासाठी असेच काम करून घेतले आहे.

खर्चाचा जो भाग कोणत्याही दरपत्रकात नसतो तो आपल्या स्वतःच्या यादीचा आहे. आमच्या एक्सेलमध्ये एकच वस्तू तीन नावांनी होती, कुठे "पाइप" तर कुठे "पाईप", कुठे "६३ एमएम" तर कुठे "६३ मिमी" आणि कुठे नुसतेच "दोन इंची". त्याशिवाय जुनी मराठी नावे श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. ती पडद्यावर मराठी दिसतात, पण प्रत्यक्षात युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची प्रमाण पद्धत, नसल्याने वेबसाइटवर गेल्यावर अक्षरांचा नुसता गिचमिडा होतो. परिवर्तकाने ती बदलून घेता येतात, परंतु जोडाक्षरे आणि रफार पुन्हा डोळ्यांखालून घालावेच लागतात. हे काम डेव्हलपरच्या दिवसांच्या दराने करून घेणे म्हणजे पैशांची नासाडी आहे. आपल्या दुकानातला जो मुलगा माल ओळखतो त्यालाच बसवावे, प्रत्येक वस्तूला एक सांकेतिक क्रमांक, एक नाव, एक एकक आणि एचएसएन क्रमांक (जीएसटीसाठीचा वस्तूच्या वर्गीकरणाचा क्रमांक) द्यावा. अडीच हजार वस्तूंपैकी प्रत्यक्षात किती हलतात ते पाहून आधी तेवढ्याच चढवाव्यात.

दुसरा मुद्दा नावावरच्या मालकीचा. आमची पहिली वेबसाइट ज्यांनी केली त्यांनी डोमेन आणि सर्व्हर दोन्ही स्वतःच्या खात्यातून घेतले होते. पुढे दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी रक्कम वाढत गेली आणि आम्ही दुसरीकडे जायचे म्हटल्यावर पासवर्ड मिळायला फार त्रास झाला. डॉट इन किंवा डॉट कॉम नावाचा वार्षिक खर्च हजार रुपयांच्या आगेमागे असतो आणि आपल्या व्यवसायासाठी पुरेसा सर्व्हर महिन्याला हजार-दीड हजारात मिळतो. ही खाती आपल्या ईमेलवर, आपल्या मोबाइल क्रमांकावर आणि आपल्या कार्डावरून उघडावीत आणि डेव्हलपरला कामापुरता प्रवेश द्यावा. सुरक्षित जोडणीचे एसएसएल प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून विनामूल्य मिळते, त्यासाठी कोणी वर्षाला काही हजार मागत असेल तर कारण विचारावे.

बॅकअपबद्दलही आग्रह धरा. रोज रात्री डेटाबेसची प्रत सर्व्हरच्या बाहेर दुसऱ्या ठिकाणी जावी, आणि त्या प्रतीवरून सगळे पुन्हा उभे करून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये. बॅकअप घेतला जातो असे सर्वच सांगतात, तो परत उतरवून पाहणारे थोडे.

उत्तर — वकील, नांदेड

खर्चाच्या चर्चेत एक कायदेशीर बाब सुटू नये म्हणून लिहिते. पैसे दिले म्हणजे प्रोग्राम आपल्या मालकीचा झाला, अशी बहुतेक व्यापाऱ्यांची समजूत असते. स्वामित्व हक्क (कॉपीराइट) कायदा, १९५७ मध्ये संगणक प्रोग्रामचा समावेश साहित्यकृतीत केला आहे आणि कलम १७ प्रमाणे त्याचा पहिला मालक सामान्यतः तो लिहिणाराच असतो. पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिले तर, वेगळा करार नसल्यास, मालकी नोकरी देणाऱ्याकडे जाते. परंतु बाहेरचा स्वतंत्र डेव्हलपर हा आपला नोकर नसतो. त्यामुळे हक्क आपल्याकडे यायचे असतील तर कलम १९ प्रमाणे त्याच्या सहीचे लेखी हस्तांतरण लागते. त्यातही मुदत लिहिलेली नसेल तर ते पाचच वर्षांसाठी समजले जाते आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर भारतापुरते. म्हणून करारात "कायमस्वरूपी" आणि "जगभर" हे दोन शब्द स्पष्टपणे घालावेत.

डेव्हलपरची बाजूही समजून घ्यावी. तो अनेक ग्राहकांसाठी वापरतो ते त्याचे तयार भाग तो आपल्याला विकून टाकणार नाही, आणि तसा हट्ट धरल्यास दर वाढेल. त्या भागांसाठी कायमचा वापर-परवाना आणि आपल्यासाठी मुद्दाम लिहिलेल्या भागासाठी पूर्ण हस्तांतरण, अशी विभागणी दोघांनाही न्याय्य ठरते. सव्वाशे दुकानदारांची नावे, मोबाइल क्रमांक आणि उधारीचे आकडे डेव्हलपरच्या नजरेखालून जाणार आहेत, म्हणून गोपनीयतेचे कलम आणि काम संपल्यावर त्याच्याकडील प्रती नष्ट करण्याचे कलम घालायला विसरू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे आणि त्यानुसार माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावर येते. डेव्हलपरकडे बोट दाखवून व्यापाऱ्याला ती टाळता येत नाही.

रक्कम एकदम देऊ नये. सुरुवातीला पाचवा हिस्सा आणि पुढचे हप्ते कागदावरच्या तारखांना न बांधता प्रत्यक्ष चालणाऱ्या भागांना बांधावेत. टीडीएस (पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापावा लागतो का, हे आपल्या उलाढालीवर आणि कामाच्या स्वरूपावर अवलंबून आहे. पहिल्या हप्त्याच्या आधीच आपल्या सीएंना विचारून घ्या.

प्रश्नकर्ता, लातूर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. संभाजीनगरच्या डेव्हलपरना आज विचारले, ९०,००० मध्ये टॅलीची जोडणी नाही. त्यांनी त्यासाठी आणखी ३०,००० सांगितले. १८,००० सांगणाऱ्या तरुणाशीही बोललो. एकाच वस्तूचे तीन दर कसे ठेवणार असे विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे सांगितले की एवढे काम त्याने धरलेले नाही. मुलगा हुशार आहे आणि गावातलाच आहे, म्हणून त्याला अगदीच वगळावेसे वाटत नाही.

दोन शंका उरल्या आहेत. टॅलीची जोडणी सुरुवातीलाच घ्यावी की नंतर? आणि सगळे नव्याने लिहून घेण्याऐवजी एखादे तयार सॉफ्टवेअर घेऊन त्यात बदल करणे स्वस्त पडेल का?

उत्तर — सॉफ्टवेअर व्यावसायिक, छत्रपती संभाजीनगर

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो. ईआरपीनेक्स्ट हे मुंबईतील फ्रापे या कंपनीने तयार केलेले, व्यवसायाचा सगळा कारभार एकत्र सांभाळणारे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात अनेक दरयाद्या, एका वस्तूची अनेक एकके, साठा आणि ग्राहकाची उधारीमर्यादा या गोष्टी आधीपासून आहेत. ते विनामूल्य असले तरी ते बसवणे, आपल्या पद्धतीशी जुळवणे आणि माणसांना शिकवणे याला जाणकार लागतो आणि त्याचे पैसे पडतातच. ते घ्यायचे तर साठा आणि विक्री पूर्णपणे त्यातच सांभाळण्याची तयारी हवी. वही, टॅली आणि ईआरपीनेक्स्ट अशा तीन ठिकाणी साठा लिहायचा असेल तर ते घेऊ नका. आपले हिशेबनीस टॅलीतून हलायला तयार नसतील, आणि अनुभव असा आहे की ते बहुधा नसतात, तर स्वतंत्रपणे लिहिलेली छोटी वेबसाइट अधिक सोयीची.

टॅलीची जोडणी पहिल्या टप्प्यात घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. टॅलीशी एक्सएमएल या माहिती देवाणघेवाणीच्या ठरावीक साच्यातून देवाणघेवाण करता येते, त्यात तांत्रिक अडचण मोठी नाही. अडचण अशी की टॅलीतली वस्तूंची नावे आणि वेबसाइटवरची नावे तंतोतंत जुळावी लागतात, आणि टॅली ज्या संगणकावर आहे तो चालू व इंटरनेटला जोडलेला असावा लागतो. वीज गेली किंवा कोणी संगणक बंद केला की जोडणी तुटते आणि मग तुटलेल्या वेळेतले व्यवहार नंतर नीट भरून घेण्याची व्यवस्था लिहावी लागते. माझ्या हिशेबातले सात दिवस प्रामुख्याने त्यासाठीच आहेत. पहिल्या हंगामात रोज संध्याकाळी वेबसाइटवरून मंजूर ऑर्डरींची फाइल काढून ती टॅलीत भरावी. आपल्या याद्या तोवर स्थिरावतील आणि जोडणीचा खर्चही खाली येईल, कारण जुळवणीचे निम्मे काम आधीच झालेले असेल.

गावातल्या त्या तरुणाबद्दल आपण लिहिले ते मला महत्त्वाचे वाटते. बाहेरगावच्या डेव्हलपरने काम करायचे आणि रोजची देखभाल, नव्या दुकानदाराची खाती, फोटो, यादीतली भर हे सगळे त्या तरुणाकडे महिन्याच्या ठरावीक मोबदल्यावर सोपवायचे, अशी रचना करता येईल. मी स्वतः देखभालीसाठी मूळ रकमेच्या १५ टक्के वर्षाला घेतो, त्यात सर्व्हरचे सुरक्षा बदल आणि दोष दुरुस्ती असते, नवी मागणी नसते. संभाजीनगरच्या डेव्हलपरकडे तेवढीच तांत्रिक देखभाल ठेवली तर ती कमी रकमेत मिळायला हरकत नाही. आमच्या मराठवाड्यातली मुले पुण्याला जाऊन हेच काम शिकतात. एखाद्याला ते लातुरात बसून शिकायला मिळत असेल तर दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, असे मला मनापासून वाटते.

मोबाइलवर आवर्जून तपासा. आपले दुकानदार ऑर्डर देताना संगणकासमोर नसतात, ते काउंटरवर उभे असतात आणि खेड्यापाड्यात नेटवर्क मंद असते. पान हलके हवे, शोधाच्या चौकटीत "पाइप" लिहिले तरी आणि "पाईप" लिहिले तरी वस्तू सापडली पाहिजे आणि ऑर्डर पाठवताना जोडणी तुटून दुकानदाराने बटण दोनदा दाबले तर दोन ऑर्डरी होता कामा नयेत.

शेवटी, निवड करण्यापूर्वी एक करा. आपल्या यादीतून वीस वस्तू निवडा, त्यांत नगावर, मीटरवर, बंडलवर आणि पिशवीवर विकल्या जाणाऱ्या सगळ्या असू द्या. तीन प्रकारच्या दुकानदारांचे दर लिहा आणि आपण फोनवर घेतलेल्या चार खऱ्या ऑर्डरी, त्यातल्या सवलतींसह, शक्य तर अर्धवट पाठवलेल्या आणि परत आलेल्या मालासह, कागदावर उतरवा. हाच कागद संभाजीनगरच्या आणि पुण्याच्या दोघांनाही पाठवून नव्याने दर मागा. जो आधी प्रश्न विचारील, परत आलेला माल साठ्यात कधी धरायचा, उधारीमर्यादा ओलांडली तर ऑर्डर अडवायची की नुसती सूचना द्यायची, त्याचा आकडा थोडा जास्त असला तरी त्याच्याशीच पुढची बोलणी करा.

प्रश्नकर्ता, लातूर

वीस वस्तूंची यादी आज रात्रीच काढायला घेतो. परत आलेल्या मालाचा नियम आमच्याकडे आजवर लिहिलेलाच नाही, गोदामातला माणूस आणि मी वेगवेगळे धरतो हे यानिमित्ताने लक्षात आले. तो आधी ठरवून मग दोघांनाही कागद पाठवतो आणि नवे दर आले की इथेच लिहितो.